प्रशिक्षणाला जा, पण आधी हे लिहून घ्या

तुम्ही लिहिलंय की कार्यालयाच्या खिडकीवर आलेला माणूस "आता जगण्यात काही राम नाही" म्हणाला, तुम्हाला काय बोलावं सुचेना, मागची रांग ओरडत होती. आणि आता साहेब मानसिक प्रथमोपचाराच्या (म्हणजे मनाने खचलेल्या माणसाला पहिला आधार कसा द्यायचा, त्याच्या) एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवताहेत, तर जावं का? जा. आवाज चढवू नका, वाद घालू नका, दार अडवून उभं राहू नका वगैरे तिथे सांगतीलच.

एक गोष्ट मात्र नीट घोटून घ्या: थेट विचारायचं. "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ अडखळतेच.

आता माझं दुखणं. आमच्याकडेही प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रं मिळाली, भिंतीवर तक्ता लागला. पुढे तसाच प्रसंग आला. शिकवल्याप्रमाणे मी खिडकी बंद केली, त्या बाईंना बाजूला बसवून ऐकत राहिलो. तक्त्यावरचा नंबर लावला, तर तो केव्हाच बदली झालेल्या कुणाच्या तरी टेबलावर वाजत होता. प्रशिक्षण ठरवणाऱ्या विभागाला फोन केला, तर म्हणाले, "आमचं काम प्रशिक्षणापुरतं." शेवटी बाईंची बहीण आली म्हणून निभावलं. आणि मला बक्षीस काय, तर कारणे दाखवा नोटीस: कामाच्या वेळेत खिडकी बंद का ठेवली? प्रमाणपत्रावर ज्यांची सही, नोटिशीवरही त्यांचीच! माझं उत्तर कुणी वाचलं की नाही, देव जाणे.

अमेरिकेत मेंफिसच्या पोलिसांनी 1988 मध्ये अशा प्रसंगांसाठी खास पथक उभं केलं. त्यांच्या 40 तासांच्या प्रशिक्षणाचं सगळे कौतुक करतात. पण पोलिसांनी आणलेल्या माणसाला रुग्णालयाने परत पाठवायचं नाही, हेही तिथे आधीच ठरलेलं होतं. ती अर्धी बाजू कार्यालयं सोयीस्कर विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारावरच्या 2011 च्या पुस्तिकेतही पाहा, ऐका, जोडून द्या अशी तीन कामं आहेत. जोडून द्यायला पलीकडे कुणी असावं ना?

म्हणून जाण्याआधी साहेबांकडून लेखी घ्या: अशा वेळी खिडकी सोडायची मुभा, रांग कोण सांभाळणार आणि माणूस कुणाच्या ताब्यात द्यायचा. नंबर दिला तर स्वतः लावून बघा, जेवणाच्या सुट्टीतही. तोंडी "हो हो, बघू" ग्राह्य धरू नका. साहेब चांगले असतील तरी नाही, कारण साहेब बदलतात.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील. जिवाला तातडीचा धोका दिसला तर साहेबांच्या कागदाची वाट न बघता आपत्कालीन सेवेला फोन करा आणि माणसाला एकटं सोडू नका.

बाकी, प्रशिक्षणात नुसत्या स्लाइड दाखवणार असतील, आळीपाळीने प्रसंग करून घेणार नसतील, तर दुसरं शोधा असं माझं स्पष्ट मत. आणि प्रसंगानंतर सगळ्यांना एकदाच गोल बसवून सक्तीने "काय वाटलं ते सांगा" करत असतील तर नम्रपणे नाही म्हणा. त्याने पुढचा त्रास टळत नाही, असं अभ्यासांतून दिसलंय. त्यापेक्षा त्या दिवशी उरलेली पाळी दुसऱ्याला द्यायला सांगा.