अलॉटमेंटच्या कोपऱ्यातलं झुडूप कुठलं?

प्रश्न: ताई, आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, यंदा अलॉटमेंट (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळालं. कुंपणापाशी माझ्यापेक्षा उंच झुडूप आहे, जूनमध्ये पांढरट फुलांचे चपटे झुपके आले होते, आता बारीक काळी फळं लागलीत आणि मुलं ती तोडायला बघतात. खाल्ली तर चालतील का, की उपटूनच टाकू?

उत्तर: आधी मुलांना सांगा, फळं अशीच तोंडात टाकायची नाहीत. वर्णनावरून हे एल्डर वाटतंय, तिकडे पक्ष्यांच्या विष्ठेतून कुंपणाकडेला आपोआप उगवतं, पण खात्री करून घ्याच. एकेका पानात बहुतेक 5 किंवा 7 पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं), कडा करवतीसारख्या, आणि पानं फांदीवर समोरासमोर. रोवन नावाचं मिळत्याजुळत्या पानांचं झाड असतं, पण त्याची पानं एकाआड एक आणि फळं लालभडक असतात. एल्डरचं पान चुरगळलं की घाण वास येतो, आणि काडी मोडली की आत पांढरा मऊ भेंड (गाभा) दिसतो, मला ही खूण फार भरवशाची वाटते.

पानं, काड्या, कच्ची फळं यांत सायनाइड तयार करणारे घटक असतात, खाल्लं तर मळमळ, उलट्या होतात. पिकलेली काळी फळं देठं काढून नीट शिजवली की सिरप, जॅम मस्त होतो, फुलांचं सरबत तर तिकडे घरोघरी करतात.

उपटू नका हो प्लीज, पक्षी त्यावर जगतात! फार पसरलं असेल तर हिवाळ्यात छाटा, मार्च ते ऑगस्ट घरट्यांचा काळ असतो. आणि झाडांबद्दल प्रत्येक साइटचे नियम वेगळे, म्हणून कमिटीला विचारूनच कात्री लावा.