तुमचे प्रश्न : जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताना

प्रश्न : वडिलांच्या गाण्याच्या घरीच रेकॉर्ड केलेल्या पंधरा-वीस कॅसेटी आहेत. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकमध्ये घातली आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं, पण बाबा वरच्या सुरात गेले की आवाज फाटतो, शिवाय मागे सारखं घूं चालूच. सॉफ्टवेअरने नंतर नीट होईल का?

उत्तर : फाटलेलं नाही होत हो. ती फाइल झूम करून बघा, लाटेचे शेंडे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतील, तिथे जे गेलं ते गेलंच. चूक त्या माइकच्या भोकाची, ते अगदी बारीक सिग्नलसाठी असतं आणि हेडफोनचा त्यापेक्षा कितीतरी जोरात येतो. डेस्कटॉप असेल तर मागे बहुतेक निळं लाइन-इन (टेपसारख्या यंत्रांचा जोरातला सिग्नल घेणारं भोक) असतं ते वापरा, लॅपटॉप असेल तर लाइन-इनवालं यूएसबी साउंड कार्ड घ्या (घेताना नीट बघा, बऱ्याच स्वस्तातल्यांना फक्त माइकच असतो आणि तोही मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा न घेणारा). मग कॅसेटमधली सगळ्यात जोरातली जागा शोधून ती वाजवा आणि ऑडॅसिटीतलं आवाजाचं मीटर -६ डीबीच्या आसपास राहील एवढी लेव्हल ठेवा, शून्याला टेकू द्यायचं नाही. घूं साठी चार्जर काढून बॅटरीवर करून बघा, बरेचदा तेवढ्यानेच जातं.

आणि हे सगळं करायच्या आधी टेपचं हेड (कॅसेटची फीत ज्याला घासून जाते तो धातूचा तुकडा) पुसा, कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, काडी तपकिरी होते, ती व्हायची थांबली की झालं. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच वाजवा. तरी आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवायचा, गाणं चालू ठेवून, स-श स्पष्ट झाले की थांबायचं.

सेव्ह करताना वॅव्हच (आवाज न दाबता ठेवणारी फाइल), ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला ९५० एमबीच्या आसपास. जागा कमी असेल तर फ्लॅक या प्रकारची फाइल करा, निम्म्याच्या जवळपास येतं आणि आवाज जसाच्या तसा राहतो. एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवायला. टेपची मागची सूं काढायचा ऑडॅसिटीतला नॉइज रिडक्शन नेहमी कॉपीवर आणि तोही हलकाच मारा, जास्त झाला की माणूस पाण्याखालून गातोय असं वाटतं, त्यापेक्षा मला तरी थोडी सूं चालते.

प्रश्न : एलपीचा प्लेअर थेट लाइन-इनला जोडला तर आवाज बारीक आणि किनरा का येतो?

उत्तर : मधे फोनो प्रीअँप नाही म्हणून. तबकडी कापतानाच खर्ज कमी आणि वरचे सूर वाढवलेले असतात, प्रीअँप ते उलटं करून पूर्ववत करतो आणि सिग्नलही वाढवतो. काही प्लेअरमध्ये तो आतच असतो, मागे फोनो/लाइन असं बटण आहे का बघा, असेल तर लाइनवर टाका.