सभासद क्रमांक ३१२

तुम्ही विचारलंय की घरात न वाचलेली पुस्तकं पडून आहेत, फोनमध्ये 'वाचायलाच हवीत' अशा शंभरेक पुस्तकांची यादी आहे, तरी एक संपलं की पुढचं कोणतं घ्यावं ते कळत नाही. बाकीचे लोक कसं ठरवतात?

बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. मी मात्र बरीच वर्षं एका अनोळखी माणसाच्या मागे मागे वाचत गेलो.

पारोळा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. जूनमध्ये बियाणं-खतांच्या गर्दीत जेवायला फुरसत नसते आणि मार्च-एप्रिलमध्ये दुकानात माश्या मारायच्या, असा आमचा धंदा. त्यामुळे पहिली चाळणी आपोआप लागते: जाडजूड कादंबरी उन्हाळ्यात, पावसाळ्यात कथा किंवा ललित. जुलैत सहाशे पानांचं काही उघडलं तर ते पोळ्यापर्यंत एकाच पानावर, कपाशीच्या पाकिटाचा तुकडा खूण म्हणून पोटात घेऊन बसतं. ही चूक मी तीनदा केलीय.

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कागद चिकटवलेला असायचा. त्यावर सभासद क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, सगळं ग्रंथपाल आप्पांच्या निळ्या पेनाने. एकदा एक कादंबरी इतकी आवडली की संपल्यावरही हातातून ठेववेना, म्हणून तो कागद वाचत बसलो. माझ्याआधी ती एकाच माणसाने नेली होती. क्रमांक ३१२. मग आधी आवडलेली दोन-तीन पुस्तकं कपाटातून काढून मागचं पान उलटलं. तिथेही ३१२. तेव्हापासून मी पुस्तक मागून उघडायला लागलो.

नुसता क्रमांक सापडून भागत नाही, तारखा वाचाव्या लागतात. साडेतीनशे पानं चार दिवसांत परत आली असतील तर डोळे झाकून घ्यावं. मुदत वाढवून वाढवून दीड महिना ठेवलं असेल तर दोन शक्यता: एकतर संथ, मुरत जाणारं लेखन, नाहीतर घरी लग्न. आणि दुसऱ्याच दिवशी परत आलं असेल तर सरळ सोडून द्यायचं. या हिशोबावर माझी सात-आठ वर्षं निघाली. ३१२ आणि माझं सगळंच जुळायचं असंही नाही. त्यांना प्रवासवर्णनं फार आवडायची. मला दुसऱ्याच्या सहलीत गोडी वाटत नाही.

हा माणूस कोण म्हणून आप्पांना विचारलं. आप्पा अहिराणीतच बोलतात. "तुले काय करनं शे? पुस्तक लई जाय ना." मी अंदाज बांधला की मास्तर असणार, कारण ३१२ ने नेलेल्या पुस्तकांत मधेच कुठेतरी छपाईतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक बारीक पेन्सिलीने दुरुस्त केलेली असायची. शेरा नाही, अधोरेखन नाही. नुसती वेलांटी.

याद्यांबद्दल माझं मत वाईट आहे. यादी करणारा तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही त्याला ओळखत नाही. त्याने ती पुस्तकं किती दिवस उशाशी ठेवली तेही त्यात लिहिलेलं नसतं. मलपृष्ठावरच्या मजकुराचीही तीच गत. आमच्याकडे कापसाची गाडी जिनिंगवर गेली की व्यापारी वरचा कापूस बघतच नाही. तो कोपरापर्यंत हात आत खुपसतो, मूठभर बाहेर काढतो, दाबून ओल बघतो. वरचा थर सगळेच पांढराशुभ्र लावतात. मी पुस्तकाचं पहिलं पान वाचत नाही ते यामुळेच. मधलं कुठलंही काढतो आणि उभ्याउभ्या दोन पानं वाचतो. तिथे लेखक बेसावध सापडतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं तेव्हा हे सगळं शहाणपण मी घरी ठेवून गेलो होतो. अमळनेरात याआधीचं संमेलन १९५२ चं, म्हणजे आपल्या हयातीत पुन्हा येतंय कधी, अशा भरात सात पुस्तकं घेतली. त्यातली चार अजून तशीच आहेत. दोघांना सांगून झालं, कुणी न्यायलाही तयार नाही.

दिवाळी अंक हा त्यापेक्षा स्वस्तातला मार्ग. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून मराठी वाचकाला वर्षातून एकदा पन्नास लेखकांची चव एका ताटात मिळतेय. आमच्या वाचनालयात वर्गणी भरली की अंक आळीपाळीने घरी नेता येतात. कुणाची कथा आवडली की मी ते नाव दुकानाच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवतो. पुढच्या वर्षभराची अर्धी खरेदी तिथूनच होते. बायको म्हणते, या लेखकांकडे पैसे राहिलेत का?

आणि कधीकधी पुस्तक वाटेत भेटतं. मी कवितेच्या वाटेला फारसा जायचो नाही. भुसावळला काम होतं म्हणून अमळनेरहून पॅसेंजरने निघालो. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी धरणगाव आलं तसं बोट दाखवलं, "बालकवी इथले, १८९० चा जन्म." जळगाव आलं तेव्हा म्हणाले, १९०७ चं कविसंमेलन इथेच भरलं होतं. पोरसवदा ठोंबऱ्यांनी कविता म्हटली आणि 'बालकवी' हे नाव त्यांना तिथे मिळालं. मग गाडी भादलीला थांबली. ते काही बोललेच नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "१९१८. इथेच, रूळ ओलांडताना." वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एका तिकिटात एवढं आयुष्य बघितल्यावर दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन त्यांच्या कविता नेल्या. शाळेत पाठ केल्या होत्या, पण वाचल्या तेव्हाच. मागच्या कागदावर ३१२ होता हे सांगायला नकोच.

पुढे ३१२ दिसेनासा झाला. नवीन पुस्तकांवर हा क्रमांक येईना. आप्पांना पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे ते मोकळे झाले. "त्या बाई ते सुरतले गयात, पोऱ्याकडे." प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई. मी इतकी वर्षं धोतर-टोपीतला मास्तर डोळ्यांपुढे धरून बसलो होतो. नाव आप्पांनी सांगितलं, पण ते इथे नको.

आता वाचनालयात कॉम्प्युटर आलाय, कागद चिकटवणं बंद झालं. काम सोपं झालं हे खरं, आप्पांचं मनगट वाचलं. पण कोणी काय नेलं ते आता फक्त त्या पडद्याला माहीत. म्हणून हल्ली मी आप्पांना एकच विचारतो: पुस्तक परत देताना 'याचंच आणखी काही आहे का?' असं कुणी विचारलं का? असं विचारलं गेलेलं पुस्तक मी घेतो. लोक 'छान होतं' कशालाही म्हणतात, पण दुसरं मागायला खरंच आवडलेलं असावं लागतं. तुमच्या वाचनालयात किंवा पुस्तकाच्या दुकानात हे विचारून बघा. काउंटरवरच्या माणसाला बरोबर आठवतं.

बाकी जुनी पुस्तकं अजून कागदासकट आहेत. गेल्या आठवड्यात एक काढलं, एकशेऐंशी पानांचं. कागदावर एकच नोंद, २०११ ची. ३१२, आज नेलं, उद्या आणलं. माझ्या नियमाप्रमाणे ठेवून द्यायला हवं होतं, पण बाईंच्या नोंदी असलेली आता थोडीच उरलीत म्हणून घेतलं. काल दुकान बंद करायला साडेनऊ झाले. मघाशी पुढची पानं चाळत होतो, तर १७१ व्या पानावर पेन्सिलीने एक वेलांटी दुरुस्त केलेली दिसली. म्हणजे बाईंनी ते टाकलं नव्हतं, एका रात्रीत संपवलं होतं. आता 'दुसऱ्या दिवशी परत' म्हणून मी सोडलेली सगळी पुस्तकं पुन्हा काढावी लागणार. जून लागायच्या आत.