पहिला येऊनही तिथेच?

प्रश्न : माझी भाची लाइपझिशला शिकते. तिथला लोकोमोटिव्ह हा फुटबॉल संघ २०२४-२५ मध्ये चौथ्या स्तरावर विभागात पहिला आला, तरी वर गेला नाही म्हणे. असं कसं?

उत्तर : अहो, खरंय ते! जर्मनीत चौथा स्तर म्हणजे रेगिओनाललिगा. तिचे विभाग पाच आणि वरच्या लीगमध्ये जागा चार. पश्चिम आणि नैऋत्य विभागांच्या विजेत्यांना दरवर्षी थेट बढती. उत्तर, ईशान्य आणि बव्हेरिया यांच्यात मात्र एक थेट जागा आळीपाळीने फिरते, उरलेल्या दोघांनी आपसात लढायचं. त्या वर्षी पाळी बव्हेरियाची होती, म्हणून श्वाइनफुर्ट आरामात वर गेलं. ईशान्येच्या लोकोमोटिव्हच्या वाट्याला उत्तरेचं हावेल्जे आलं. पहिला सामना १-१. दुसरा जादा वेळेत गेला आणि तिथे लोकोमोटिव्हचं पार पानिपत झालं : ०-३.

२०२० मध्येही हेच. फेर्लविरुद्धचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे, या हिशेबात लोकोमोटिव्ह बाहेर. १९८७ मध्ये युरोपीय कपविजेत्यांच्या स्पर्धेत आयाक्सशी अंतिम सामना खेळलेला संघ हा! वर्षभर घाम गाळायचा आणि निकाल दोन सामन्यांवर, हा नियम मला तरी पटत नाही. ‘विजेते वर गेलेच पाहिजेत’ ही ईशान्येतल्या क्लबांची मागणी रास्तच आहे.