प्रॅक्टिकलमधला क्लिकर: प्रश्न कोणता आणि कधी

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

प्रॅक्टिकलला क्लिकर (मुलांनी बटण दाबून उत्तर नोंदवायचे छोटे यंत्र) वापरायचे ठरवले आहेस, फार चांगले केलेस. एक गोष्ट मात्र घट्ट धर: मुलांची उत्तरे पाहून तू पुढे काय करणार हे बदलत नसेल, तर तो प्रश्न प्रयोगशाळेत नको. मोलॅरिटीची व्याख्या वर्गात विचार.

टायट्रेशनचेच घे: एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडायचे आणि किती लागले त्यावरून तीव्रता काढायची. ब्युरेट (द्रावण सोडायची खुणांची काचनळी) नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने विसळून लगेच द्रावण भरले, तर रीडिंग वाढेल, घटेल की तेवढेच राहील? ब्युरेट हातात घेण्याआधीच हे विचार. साठ ते नव्वद सेकंद दे आणि तेवढा वेळ कुणाला बोलू देऊ नकोस. वीसच्या बॅचमध्ये सहा ते चौदा जण बरोबर असतील तर पडद्यावरचा मतांचा आलेख झाकूनच ठेव. शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालू दे आणि पुन्हा मत घे. हार्वर्डच्या एरिक मेझर यांनी १९९१ पासून रुजवलेली ही रीत. तीस ते सत्तर टक्के हा पट्टा त्यांचाच. आलेख आधी दिसला की मुले उंच स्तंभाकडे वळतात आणि वाद तिथेच मिटतो. सहापेक्षा कमी बरोबर असतील तर ब्युरेट उचल आणि आतल्या काचेला चिकटलेले थेंब दाखव: द्रावण त्यांनीच पातळ होते, म्हणून एंड पॉइंटपर्यंत, म्हणजे रंग बदलेपर्यंत, ते जास्त लागते. चौदाच्या वर गेले तर एका वाक्यात कारण सांगून कामाला लाव.

लगेच जोडप्रश्न टाक: कोनिकल फ्लास्क (ज्यात ब्युरेटमधले द्रावण पडते ते भांडे) पाण्याने ओला असेल तर? फरक पडत नाही, कारण पिपेटने (ठरावीक माप घ्यायच्या नळीने) सोडलेल्या पदार्थाचे मोल तेवढेच राहतात. पहिले उत्तर नियम पाठ करून दिलेले असेल तर ते इथे उघडे पडते.

अंक टाकता येणारे क्लिकर असतील तर त्यांचा खरा उपयोग रीडिंगला. एक ब्युरेट २२.६० वर लावून ठेव, एकेकाला वाचायला लाव. कुणी २३.४० टाकेल: ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात हे विसरून त्याने खालून वर मोजले. दुसऱ्या दशांशात विखुरलेली उत्तरे दिसली तर बहुधा डोळा मेनिस्कसच्या (द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या) पातळीत नाही. कोण कुठे चुकते हे प्रयोगाआधी कळते, जर्नल तपासताना नव्हे.

यंत्राचे थोडक्यात. रिसीव्हर लोखंडी कपाटाआड ठेवू नकोस. शेजारच्या लॅबमध्येही क्लिकर असतील तर चॅनेल वेगळे ठेव, नाहीतर मते भलतीकडे जातात. क्लिकर कोरड्या टेबलावर, ओल्या हातापासून आणि आम्लापासून दूर. काम सुरू होण्याआधी गोळा करून घे. जादा सेल जवळ असू दे. मतांचा आकडा डोक्यांशी पडताळ, गैरहजर मित्राचे बटण दाबणारे निघतातच.

तीन तासांत तीन-चार प्रश्न पुरे. गुण द्यायचेच तर उत्तर दिल्याबद्दल थोडे दे. बरोबर उत्तराला गुण ठेवलेस की पहिले मत शेजाऱ्याचे पाहून पडते, आणि मग सहा-चौदाच्या हिशोबाला काही अर्थ राहत नाही.

तुझा हितचिंतक