बागेत चतुर यावेत आणि डास कमी व्हावेत, यासाठी कोणती झाडे लावावीत?

आपण झाडांची नावे विचारली आहेत. परंतु चतुर हा कीटक झाडासाठी येत नाही, तो पाण्यासाठी येतो. हे मी खानापूर तालुक्यातील आमच्या परसातल्या, गुरांना पाणी पाजण्याच्या दगडी डोणीपाशी शिकलो, आणि त्याच डोणीवरून थोरल्या बंधूंशी माझा झालेला वाद अजून मिटलेला नाही.

गोठ्यातल्या म्हशी गेल्या, तेव्हा मी डोणीच्या तळाशी चिखल घालून कडेला वेखंड लावले. गप्पी मासे मुद्दाम सोडले नाहीत, कारण ते चतुराची अंडी आणि लहान अळ्याही खातात. दुसऱ्या पावसाळ्यात एका पहाटे वेखंडाच्या पातीला घट्ट धरून बसलेली मातकट अळी दिसली. तिची पाठ उकलली, आतून फिकट, ओला चतुर बाहेर आला, चुरगळलेले पंख हळूहळू ताठ झाले आणि ऊन वर येताच तो उडून गेला. ती रिकामी कात मी काड्यापेटीत जपून ठेवली आहे. हीच अळी पाण्यात असताना खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते. डासांचा खरा बंदोबस्त तेथे, पाण्याखाली होतो.

त्याच वर्षी दादा बेळगावहून आले आणि 'साचलेले पाणी म्हणजे डास' एवढ्यावर, मी घरी नसताना, त्यांनी डोण उपसली, वेखंड उपटले व गाळ माडाच्या बुंध्याशी टाकला. मी परतलो तेव्हा त्या गाळात चतुराच्या नऊ-दहा अळ्या वाळून पडल्या होत्या. पुढच्या पावसाने डोण भरली आणि पंधरवड्यात डासांच्या अळ्यांनी वळवळू लागली. उष्ण दिवसांत डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो. चतुराला लवकरात लवकर सुमारे दीड महिना आणि कित्येक जातींना त्याहून पुष्कळ अधिक काळ पाण्यात काढावा लागतो. म्हणून पाणी उपसा किंवा औषध फवारा, आधी परततो तो डासच. दादांना हे आजही मान्य नाही.

आपण उन्हात हातभर खोल पाणी ठेवावे, कडेला वेखंड किंवा लव्हाळा लावावा, चतुरांना बसण्यासाठी दोन-चार काठ्या रोवाव्यात आणि आसपास कीटकनाशक मुळीच वापरू नये. पहिले काही महिने मात्र डासांच्या अळ्या गाळणीने काढाव्या लागतील.

दादांचे एक म्हणणे मलाही मान्य आहे. नळ रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेले पिंप, कुंडीखालची ताटली आणि जुने टायर यांत दिवसा चावणारा डेंग्यूचा डास वाढतो. तेथे चतुराचा भरवसा धरू नये, दर आठवड्याला पाणी ओतून भांडी घासावीत. रात्री चतुर शिकार करीत नाहीत, तेव्हा मच्छरदाणी हवीच.

वेखंड मी पुन्हा लावले आहे. दादा गणपतीला येतील, तेव्हा डोणीला हात लावू नये, असे त्यांना फोनवर आधीच सांगितले आहे.