शंकानिरसन : सापडलेला हेर तुरुंगात की बिनतारी सेटवर?

प्रश्न : युद्धकाळात शत्रूचा हेर हाती लागला, तर त्याला सरळ तुरुंगात का टाकत नाहीत? त्याच्या नावाने खोटे संदेश गेले तर शत्रूला कळत कसे नाही?

उत्तर : तुरुंगात टाकला, तर शत्रू दुसरा धाडतो आणि तो कुठे वावरतोय याचा पत्ता आपल्याला नसतो. म्हणून अटक गुपचूप करायची आणि त्याच्या पुढच्या ठरलेल्या प्रसारणाआधीच त्याला वापरायचे की नाही हे ठरवायचे. एखादी वेळ चुकली तर खपते. सेट बरेच दिवस मुका राहिला, की पलीकडे संशय बळावतो. ठिपके-रेषांच्या मोर्स लिपीत संदेश धाडायच्या किल्लीवर प्रत्येकाचा हात वेगळा पडतो आणि सरावलेला कान तो ओळखतो. त्यामुळे शक्यतो किल्ली हेराच्याच हातात ठेवतात, शेजारी मोर्स जाणणारा माणूस बसवून.

खरा कस मजकुराचा. बहुतांश माहिती खरीच द्यावी लागते, पण निरुपद्रवी किंवा उशिरा पोचणारी, तीही संबंधित दलाच्या संमतीने. ब्रिटनमध्ये जानेवारी 1941 पासून हे काम 'ट्वेंटी कमिटी' पाहत असे. 'गार्बो' या स्पॅनिश दुहेरी हेराच्या (जर्मनांचा म्हणवणारा, पण ब्रिटिशांसाठी काम करणारा) नावाने 6 जून 1944 च्या पहाटे फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या दोस्तांच्या हल्ल्याचा इशारा गेला, तेव्हा माद्रिदचे जर्मन केंद्र ऐकतच नव्हते. इशारा खरा, उपयोग शून्य, गार्बोची पत मात्र वाढली. 9 जूनला त्याने 'नॉर्मंडी ही हूल, खरा हल्ला पा-द-कॅले या फ्रान्सच्याच दुसऱ्या किनाऱ्यावर' असे कळवले आणि जर्मनांनी ते मानले. डिसेंबर 1941 पासून ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्रात जर्मन हेरखात्याचे 'एनिग्मा' यंत्रावर सांकेतिक केलेले संदेश उलगडत होते, म्हणून थाप पचली की नाही हे लंडनला समजे. ही सोय नसेल, तर सगळा अंधारातला कारभार.

प्रश्न : हाच डाव आपल्यावर उलटतो तो कसा?

उत्तर : हॉलंडमध्ये झाले तसा. मार्च 1942 मध्ये जर्मनांनी ब्रिटिशांचा बिनतारी हेर ह्युब लॉवर्स पकडला. दर 16 व्या अक्षरात मुद्दाम चूक करणे ही त्याची सुरक्षा-खूण, म्हणजे आपण मोकळे आहोत हे लंडनला कळवायची गुप्त खूण, होती. जर्मनांना त्याने भलतीच खूण सांगितली आणि खरी गाळली; म्हणजे 'मी कैदेत आहे'. लंडनने ती निव्वळ हयगय समजली. पुढे विमानातून उतरवलेले 50 हून अधिक हेर थेट जर्मनांच्या हाती पडले. आमच्या मते दोष रचनेचा : ज्या कक्षाला जाळे वाढल्याचे श्रेय मिळते, त्याच्याकडे खुणेचा निवाडा ठेवूच नये. खूण नसेल तर पुढची विमानफेरी आपोआप थांबली पाहिजे. ऑगस्ट 1943 मध्ये 2 हेर हारेनच्या तुरुंगातून निसटले, तर जर्मनांनी कब्जातल्या सेटवरून 'ते फितूर आहेत' असे कळवले. ब्रिटनला पोचल्यावर त्या दोघांनाच आधी कोठडी मिळाली.